शब्दचर्चा : 'डायव्हर्सिटी'ला मराठीत काय म्हणावं? ('विविधता' सोडून)

तेरणाकाठ :
आमच्याकडं कॉलेजच्या पोरापोरींसाठी संगीत महोत्सव भरतोय. गाण्यांसोबत एक मांडव वेगळा ठेवलाय. जात, धर्म, मुलगा-मुलगी, तृतीयपंथी, दिव्यांग, या सगळ्यांवर तिथं पोरांशी बोलायचं. पत्रक इंग्रजीत आलंय, 'प्रमोटिंग इक्वॅलिटी अँड डायव्हर्सिटी', आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी 'समता आणि विविधता यांचा प्रसार' लिहून दिलं. स्वयंसेवक पोरांना दाखवलं तर एक म्हणतो, "सर, सोसायटीचं काही हाय का?" त्याच्या डोक्यात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. एका पोरीला शाळेचं गॅदरिंग आठवलं, 'विविध गुणदर्शन'. हसू नका, शब्द सुचवा. फ्लेक्सवाल्याला शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

शब्दवेडी :
वैविध्य?

तेरणाकाठ :
ताई, तो हॉटेलच्या मेनूकार्डावर शोभतो.

निवृत्त_मास्तर :
'विविधता' हाच योग्य शब्द आहे. प्रतिज्ञेत पिढ्यानपिढ्या म्हणत आलो, 'समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरांचा'. पोरांना कळत नाही म्हणून शब्द बदलायचा, की पोरांना शब्द शिकवायचा?

हुरडा_आघाडी :
मास्तर, घोळ तिथंच आहे. 'नटलेल्या'! त्या एका शब्दानं विविधता म्हणजे नटणं होऊन बसलं. २६ जानेवारीला एक फेटा, एक टोपी, एक पगडी, एक नऊवारी अशी लेकरं रांगेत उभी करायची, फोटो काढायचा, झाली विविधता. आडनाव ऐकून ज्याला शहरात खोली भाड्यानं मिळत नाही, तो या शब्दात कुठं बसतो?

दुधना :
'इक्वॅलिटी'चं आधी बघा. घटनेच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे, कलम १४ मध्येही 'कायद्यापुढे समानता'. 'प्रमोट'साठी तिथं 'प्रवर्धित' आहे, 'बंधुता प्रवर्धित करण्याचा'. म्हणजे 'समानता प्रवर्धन'. अधिकृत आहे, कुणी नाव ठेवणार नाही.

हुरडा_आघाडी :
प्रवर्धन वाचून पशुसंवर्धनाचा मांडव समजून कुणी गाय घेऊन येईल.

औंढ्याची_वाट :
दुधना, समानता आणि समता एक नव्हे. समानता मोजता येते: जागा किती, मजुरी किती, मत एकाला एक. समता वागण्यात दिसते, नाहीतर दिसत नाही. बाबासाहेबांच्या पुढाकारानं १९२८ साली जे पाक्षिक निघालं त्याचं नावच 'समता' होतं. आणि आपल्या भागात हा शब्द कोशातून आलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळानं १९७८ मध्ये केला, प्रत्यक्षात नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ठराव झाला तसे वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. माझे मामा तेव्हा औरंगाबादला शिकायला होते. त्यांच्या तोंडून 'समानता' मी कधी ऐकला नाही, कायम 'समता'. तेवढा शब्द राहू द्या. आता कुणीतरी 'समरसता' सुचवेल, त्याला आधीच नको म्हणून ठेवतो.

निवृत्त_मास्तर :
समरसतेत वाईट काय आहे?

औंढ्याची_वाट :
विरघळायचं कुणी, ते तो शब्द सांगत नाही. दुधात साखरच विरघळते, दूध काही विरघळत नाही.

मोंढा_नाका :
१९७८ वरून आठवलं. त्याच वर्षी ३० एप्रिलला लंडनमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'वाल्यांनी ट्रॅफल्गार स्क्वेअरपासून मोर्चा काढला आणि व्हिक्टोरिया पार्कात जंगी जलसा केला. 'द क्लॅश' वाजले, 'स्टील पल्स' वाजले, गोरे-काळे बँड एकाच स्टेजवर. त्यांनी नावात विविधता-बिविधता घातलीच नाही. कशाच्या विरोधात आहोत ते सरळ सांगितलं. तेरणाकाठ, तुम्ही पण 'इथं भेदभाव चालत नाही' एवढंच लिहा.

तेरणाकाठ :
आयोजक म्हणतात नकारार्थी नको. देणगीदार बिचकतात.

शब्दवेडी :
'जलसा' शब्द छान आठवला. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, तमाशाच्या बाजात हेच तर गायचे. महोत्सवालाच 'समता जलसा' म्हणा, विविधतेची भानगडच मिटली.

निवृत्त_मास्तर :
जलसा अरबी आहे.

खुलताबाद_रोड :
असू द्या की सर. जलसा, मजलिस, इजलास तिन्ही एकाच धातूचे, अर्थ 'बसणे'. आमच्या आजोबांच्या निजामकाळच्या कागदांत इजलास म्हणजे कोर्टाचं कामकाज. माझी अडचण वेगळी आहे. आमच्या मोहल्ल्यात अजूनही जलसा म्हणजे भाषणांची सभा. 'समता जलसा' वाचलं तर आमची पोरं भाषण आहे म्हणून फिरकणार नाहीत. गाण्याला मैफल म्हणतो आम्ही.

नाथसागर :
पैठणकराचं ऐका. नाथांच्या भारुडांत वासुदेव आहे, गोंधळी आहे, जोहार घालणारा महार आहे, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा सगळे आहेत, आणि 'हिंदू-तुर्क संवाद'ही नाथांचाच. डायव्हर्सिटी अजून कशाला म्हणतात? आणि 'भारूड' आलाय 'बहुरूढ'वरून. डायव्हर्सिटीला 'बहुरूढता' म्हणा.

शब्दवेडी :
बहुरूढ ही ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती. दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्यावरून आला असंही सांगतात, कारण भारुडाला अर्थ दोन.

नाथसागर :
पक्ष्यावरून? मग कीर्तन काय कावळ्यावरून आलं?

तेरणाकाठ :
मंडळी, शुक्रवार उद्यावर आलाय. त्यात मांडवाचा गुत्ता ज्याला दिलाय त्यानं परस्पर 'इंद्रधनुष्य' नाव ठरवून टाकलंय.

दुधना :
अहो, ते राज्यातल्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवाचं नाव आहे. पोरं एकांकिकेची नोंदणी करायला येतील.

शब्दवेडी :
थांबा, मांडवाचा गुत्ता? कॉलेजच्या पोरांच्या कार्यक्रमात दारू?

मोंढा_नाका :
ताई, तुम्ही पुण्याकडच्या दिसता. इकडं गुत्ता म्हणजे कंत्राट. रस्त्याचा गुत्ता, विहिरीचा गुत्ता, घेणारा गुत्तेदार. दारूविक्रीचाही असाच गुत्ता सुटायचा, म्हणून तुमच्याकडं दुकानालाच गुत्ता म्हणायला लागले असतील.

निवृत्त_मास्तर :
कंत्राट म्हणावं, गैरसमज होत नाही.

खुलताबाद_रोड :
कंत्राट पोर्तुगीज, मक्ता अरबी, ठेका हिंदीवाल्यांचा. सर, तुम्ही बिगारीनंच बांधा मांडव.

देगलूर_वेस :
गुत्ता तेलुगू आहे. आमच्या सीमेपलीकडं आजही 'गुत्त' म्हणतात.

उदगीरचा :
काहीतरीच. कन्नडमध्ये 'गुत्तिगे' आहे, बाजारात रोज ऐकतो. तिकडून आला.

देगलूर_वेस :
शेवटचा 'गे' कुठं गेला मग? कन्नड कोश असेल कुणाकडं तर त्या पानाचा फोटो टाका, मग बोलू.