शेतीला टॅक्स नाही ना, मग सीए पट्ट्या कामून मागायलाय?

सोयाबीनवाला:
नमस्कार मंडळी, मी औसा तालुक्यातला, नोकरी पुण्यात, पगार पावणेपंधरा लाख, टॅक्सची रिजीम (पद्धत) नवी. दोन वर्षाखाली सातबारा माझ्या नावावर झाला, सोयाबीन अन् तूर, २०२५-२६ मधे खर्च जाऊन चारेक लाख उरले. आता सीए म्हणायलाय लातूरच्या आडतीच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) पाठव, टॅक्स वाढणार. शेतीला टॅक्स नसतो हे शेंबडं पोरगं पण सांगतंय, मग हे काय नवीन काढलं?

मोंढ्यावरचा:
दाखवूच नको ना भाऊ, कोण बघायलंय. सगळे तेच करतेत

मांजराकाठ:
वरच्याचं ऐकू नका, उद्या प्लॉट घेताना पैसा कुठून आला विचारलं की ह्याच पट्ट्या कामाला येतेत.
सीए बरोबर बोलायलाय. शेती उत्पन्नावर टॅक्स लावायचा अधिकार घटनेनं राज्याला दिलाय, केंद्राला नाही, म्हणून ते माफ. पण तुमच्या पगाराला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेती मोजतेत, अट एवढीच की शेती ५,००० च्या वर अन् बाकीचं उत्पन्न माफीच्या मर्यादेच्या वर पाहिजे, नव्या रिजीममधे ती ४ लाख. आता हिशोब बघा, पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराची सरसकट वजावट) गेलं, राहिले १४ लाख, त्यात शेतीचे ४ मिळवले, १८ लाखावर टॅक्स १,६०,०००. मग ४ लाख माफी अन् ४ शेती असे ८ लाख धरून त्याच्यावरचा २०,००० वजा. राहिला १,४०,०००. नुसत्या पगारावर ९०,००० बसला असता. सेस वेगळा. म्हणजे शेतीवर रुपया नाही पण पगार वरच्या स्लॅबात ढकलला, मला विचाराल तर माफी म्हणायची अन् मागच्या दारानं वसूल करायचं असा प्रकार, पण कायदा आहे.

सोयाबीनवाला:
अरे देवा ५०,००० चा फटका. दोन म्हशीचं दूध डेअरीला जातंय ते पण शेतीतच धरायचं ना? अन् जमीन बायकोच्या नावावर केली तर?

मांजराकाठ:
दूध शेतीत येत नाही, तो धंदा, त्याला माफी नाही. बायकोला फुकट दिली तर उत्पन्न तुमच्यातच धरतेत, वडलांना दिली तर नाही.

सोयाबीनवाला:
वडलांकडूनच तर आली होती 😅