चपला दाराबाहेर की पायांत? आमच्या मंडळीतला वाद

खानापूर_रोड
सलाम. खानापूर तालुक्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान, पस्तीस-चाळीस घरांची. आजवर चपला पडवीत काढायचो आणि आत जाजमावर बसायचो. गेल्या साली देणगी आली, फरशी झाली, बाक आले. आता पंचांचं म्हणणं, बाकावर बसायचं तर चपला काढायची सक्ती कशाला? पुढच्या महिन्याच्या सभेत हात वर करून निकाल लागणार आहे. मी विरोधात आहे. का ते लिहितो, मग तुम्ही बोला.

बायबलातलं निर्गम ३ घ्या. मोशे सासऱ्याची मेंढरं घेऊन रानात गेला होता. तिथं ना मंदिर, ना वेदी. कालपर्यंत त्याच मातीत मेंढरांच्या लेंड्या पडत होत्या. झुडूप पेटलंय पण जळून जात नाही, हे बघायला तो पुढं सरकला, तेव्हा त्याला नावानं हाक आली. आणि पाठोपाठ दटावणी: जवळ येऊ नकोस, पायांतले जोडे काढ. हाकही देवाची आणि 'थांब'ही देवाचंच. आपल्याला हल्ली हाक तेवढी ऐकू येते.

यशया संदेष्ट्याला दिसलेले सराफीम, देवापुढचे दूत, आठवा. प्रत्येकाला सहा पंख. दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला, उडायला उरले दोनच. आणि आम्ही? गेल्या रविवारी 'पवित्र, पवित्र, पवित्र' चालू असताना माझ्या शेजारचे गृहस्थ फोनवर म्हणाले, "हां, ट्रॅक्टर काट्यावरच थांबव, आलोच." तेही गाण्याच्याच पट्टीत.

चपलेनं देव बाटतो असं मी म्हणत नाही. पण उंबऱ्याशी वाकून पट्टा सोडताना माणूस क्षणभर थांबतो, बाहेरचं बाहेर राहतं. तेवढं एकच काम आमचं शरीर उपासनेत करत होतं, तेही जाणार.

कॅम्पातला
आमच्या चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या बूट घालूनच बसतात. बेळगावात लंडन मिशनची माणसं १८२० मध्ये आली. त्यांच्या देशात आदर दाखवायला टोपी काढतात, आपल्याकडे जोडे काढतात. रीत म्हणून दोन्ही ठीक, पण रिवाजाला वचनाचा शिक्का कशाला मारता?

शोमरोनी बाई येशूला विहिरीवर विचारते, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात? तो म्हणतो, खरे उपासक आत्म्यानं व खरेपणानं उपासना करतील. वधस्तंभाच्या वेळी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. फाटलेला पडदा तुम्ही पडवीत पुन्हा टांगताय.

खानापूर_रोड
पडदा फाटला म्हणून आतला देव बदलला का? ज्या इब्री लोकांस पत्रात 'धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ' आहे, त्याच पत्रात पुढं 'आपला देव भस्म करणारा अग्नी आहे' असंही आहे. प्रभूची प्रार्थना 'पित्या' म्हणून सुरू होते, पण पहिली मागणी भाकरीची नाही. तुझं नाव पवित्र मानलं जावो, ही आहे.

निपाणीची_सून
दादा, तुमचं सगळं पटलं, आता पायांचं ऐका. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला. शुगर आहे, तळपाय बधीर. एका नाताळात त्या रिवाजाप्रमाणे अनवाणी आत गेल्या. सजावटीच्या कागदाची पिन जमिनीवर पडली होती, ती तळव्यात रुतली. त्यांना कळलंच नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळलं. पुढं करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलंय, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

तेव्हापासून एमसीआरची, म्हणजे बधीर पायांसाठीच्या मऊ रबराची, निळी चप्पल घालून त्या चर्चच्या पडवीत खुर्चीवर बसतात. "आत चला" म्हटलं तर म्हणतात, "नको गं, चप्पल हाय पायात." प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब भाकर आणि पेला घेऊन बाहेर येतात. तुमच्या पडवीत कोण बसतं, मोजलंय कधी?

खानापूर_रोड
ताई, नाही मोजलं. आजारी माणसाला सूट हवीच, त्यावर वादच नाही. पण सूट आहे म्हणून नेम मोडायचा का?

निपाणीची_सून
सूट आम्हीही दिली होती. त्या घेत नाहीत, हाच तर प्रश्न आहे. सगळे काढतात तिथं एकटीनं घालून बसायचं म्हणजे काय, ते बाईच्या जागी बसून बघा.

फातिमाजवळचा
कॅथलिक बाजूनं दोन शब्द. चपला काढणं म्हणजे हिंदू चाल, असं इथं अजून कोणी म्हटलं नाही, पण म्हणेल. म्हणून आधीच सांगतो. भारतातल्या बिशपांनी मिस्सासाठी, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेसाठी, मागितलेल्या १२ बदलांना रोमनं १९६९ मध्येच मान्यता दिली. जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, पंचांग प्रणाम, आरती, सगळं त्यात आहे. त्यात 'काढता येतील' असं आहे, 'काढाच' नाही. आमच्याकडे रविवारी बूट असतात आणि आल्तारासमोर, म्हणजे वेदीसमोर, गुडघा टेकतो. ज्याला गुडघा टेकवत नाही तो मान लववतो. शरीरानं काहीतरी करावं हे धागा सुरू करणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य. पण आमच्या घरच्या कोकणी म्हाताऱ्या अनवाणी येऊनही आल्तारापर्यंत गप्पा मारत जायच्या, हेही पाहिलंय.

तिसऱ्या_पिढीचा
इतका वेळ गप्प होतो. माझ्या पणजोबांना गावातून जाताना वाड्यासमोर चपला काढून हातात, कधी काखेत धराव्या लागत. उन्हाळा असो, चिखल असो. कोणाच्या पायात काय असावं हे तेव्हा पाय बघून नाही, जात बघून ठरायचं. ते ख्रिस्ती झाले. आजीकडून ऐकलेली गोष्ट: बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी नवं कोल्हापुरी पायताण घातलं, आणि ते करकरत वाजावं म्हणून मुद्दाम तेल लावलं नाही. त्या आवाजासकट ते देवळात गेले. आजीच्या मते तीच त्यांची पहिली स्तुती.

तुम्ही जळतं झुडूप दाखवलंत, मी लूक १५ दाखवतो. उधळ्या मुलगा घरी येतो. बाप काय म्हणतो? उत्तम झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत जोडा घाला. घरात जोडा मुलाच्या पायात असतो, चाकर अनवाणी. आम्हाला बापानं जोडा घातलाय. तो उंबऱ्यावर कोण उतरवतो?

खानापूर_रोड
हे वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. पणजोबांच्या पायताणाचा आवाज मला मागं घेता येणार नाही आणि घ्यायचाही नाही. माझ्या घराण्याला कोणी कधी चपला काढायला लावल्या नाहीत, त्यामुळं हे मला सुचलंच नव्हतं.

तरीही एक म्हणतो. वाड्यापुढं काढाव्या लागल्या म्हणून देवापुढंही काढायच्या नाहीत, असं धरलं तर शेवटचा शब्द वाड्याचाच झाला. तो मान खोटा होता, कारण ज्याचा होता त्याच्याकडून हिसकावून वाड्यानं घेतला होता. खऱ्या मालकाला तो परत द्यायचाच नाही का?

तिसऱ्या_पिढीचा
द्यायचा. मी घरी प्रार्थनेला अनवाणीच बसतो, तुम्हाला सांगितलं नाही इतकंच. पण मी देतो आणि कमिटी काढून घेते, यात फरक आहे. हात वर करून बहुमतानं आदर कसा ठरणार, ते सांगा.

चिकोडीचा_ऊसवाला
लई झालं चपलापुराण. पवित्र देव म्हणतो 'मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा', ते कुठं? लेवीय १९. आता तोच अध्याय खाली वाचत चला की. शेताचे कोपरे कापू नका, गरिबाला ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिवी देऊ नका. माप आणि वजन खरं ठेवा. देवाच्या पवित्रतेत तागडी येते, राव! आमच्याकडं कापणीच्या सणाला लिलावात एकानं एक भोपळा अकराशेला घेतला. टाळ्या पडल्या, पाळकांनी आशीर्वाद दिला. भोपळा घेणाऱ्याच्या रानात ऊस तोडलेल्या टोळीचा हिशेब तेव्हा तीन आठवडे तटला होता. चपला मात्र बाहेर काढून आला होता गडी, नीट जोडीनं लावून.

धाग्यावाल्यांचा शेजारी काट्यावरचा ट्रॅक्टर बघतोय म्हणून मला राग नाही. काट्यावर तो खरं बोलतो का, तेवढं विचारा.

कीबोर्डवाला_पोरगा
सगळे मोठे बोललेत, मीपण बोलतो. 'उपासना' या शब्दाचा अर्थच जवळ बसणं. आम्ही कीबोर्ड-ड्रम लावून गातो तर 'बाजार मांडला' म्हणता. दावीद राजा कराराच्या कोशापुढं, म्हणजे देवाच्या पवित्र पेटीपुढं, सगळा जोर लावून नाचला, आणि खिडकीतून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल होती. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं, आपल्या भजनाच्या चालींत गाणी दिली. तेव्हाही कोणीतरी कपाळाला आठ्या घातल्या असतीलच की.

खानापूर_रोड
बाळा, दावीद नाचला तो २ शमुवेल ६. त्याच अध्यायात आधी काय आहे? कोश नव्या गाडीवर घातला, बैल अडखळले, उज्जानं सावरायला हात लावला आणि तिथंच मेला. दावीद घाबरला, कोश तीन महिने दुसऱ्याच्या घरी ठेवला. नाचला तो त्यानंतर. दुसऱ्या खेपेला गाडी नव्हती, माणसांनी वाहून नेला, आणि सहा पावलं झाल्यावर यज्ञ केला. भीती पोटात ठेवून नाचला. तुमच्या ड्रमला माझी ना नाही, फक्त ती सहा पावलं वाजवताना मोजा.

कीबोर्डवाला_पोरगा
मोजतो. पण भीती दाखवायला आवाज बारीकच करायचा असं नाही ना? यशयात तर घोषणेच्या आवाजानं उंबरठे हादरले.

खानापूर_रोड
बरोबर. हे मी विसरलो होतो.

अथणीची_अक्का
आमच्याकडे एकाच छपराखाली मराठी आणि कन्नड. तुम्ही 'पवित्र' म्हणता तिथं माझे यजमान 'परिशुद्ध' म्हणतात. चपला सगळेच बाहेर काढतात, त्यावर कधी भांडण नाही. भांडण आहे ते पहिलं गीत कुठल्या भाषेत यावर. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, तेव्हापासूनचा सगळा हिशेब रविवारी साडेनऊला तिथं निघतो. एकदा वीस मिनिटं त्यातच गेली, उपासनेला सुरुवातच नाही.

चपलांचा दुसरा उल्लेख इथं कोणी काढलाच नाही. यरीहोजवळ यहोशवाला उपसलेली तलवार घेऊन एक पुरुष दिसतो. यहोशवा सरळ विचारतो, तू आमच्याकडचा की आमच्या शत्रूंकडचा? उत्तर येतं, 'नाही.' मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलोय. यहोशवा पालथा पडतो आणि मग आज्ञा: जोडे काढ. आमच्यातलं का तुमच्यातलं हे विचारायचं थांबलं, तेव्हा पाय मोकळे झाले. मी सभेत हे वाचून दाखवलं होतं. दोन्ही बाजूंनी माना डोलावल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

खानापूर_रोड
सभा अजून व्हायची आहे. ठराव मांडणाऱ्यांना सांगितलंय की मी विरोधात हात वर करणार नाही, बाजूनंही नाही. मी माझ्या चपला बाहेर काढणार. पडवीत या रविवारी बघितलं. तिघं होते. एक आजोबा काठी घेऊन, एक कॅलिपरवाली, म्हणजे पायाला आधाराची पट्टी लावलेली, पोरगी आणि तिची आई. पोरगी आठवीत आहे, आमच्याच गल्लीतली. चार वर्षं तिथं बसते म्हणाली.

निपाणीची_सून
मग आत घेतलंत का?

खानापूर_रोड
आलो ना बाहेरच्या बाजूला, तिच्या शेजारी बसलो. आतलं गाणं ऐकू येतं, वचन नीट ऐकू येत नाही. पंचांना सांगून दुसऱ्या दारानं पहिल्या बाकावर तिची जागा केली आहे, पुढच्या रविवारपासून, कॅलिपर-बुटासकट.

चिकोडीचा_ऊसवाला
हे झकास. आता पाऊस लागायच्या आत दाराशी एक जाड गोणपाट टाका. तुमच्या खानापूरच्या चिखलात चपला असोत नाहीतर नसोत, फरशी पुसणाऱ्या बाईचं कोणी बोललंच नाही.