बिसेल, चाफ्लान आणि तिसरा एक शब्द

स्पॅनिशमधले 'बिसेल' आणि 'चाफ्लान' हे कड-कोपरा तासण्याचे दोन शब्द एकच का, असा प्रश्न पडतो. बोलताना सरमिसळ होते, पण फरक आहे. तिरकी तासलेली कड म्हणजे बिसेल. पटाशीच्या पात्याचा धारेकडचा उतारही बिसेलच. दोन बाजूंमधला कोपरा छाटून सपाट केला की चाफ्लान. बार्सिलोनात नगररचनाकार सेर्दाने शहराच्या १८५९च्या आराखड्यात चौकातल्या इमारतींचे कोपरेच ४५ अंशांत छाटले, तेही चाफ्लान.

यात 'बेरेनखेनो' जरूर जोडा: शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्याच्या) आतल्या कोपऱ्यात ठोकायची त्रिकोणी पट्टी. ती असली की कॉलमची कड तिरकीच येते आणि फळ्या सोडवताना काँक्रीटचे टवके उडत नाहीत. इतकी स्वस्त पट्टी, तरी आपल्याकडे बऱ्याचदा गाळतात, याचं फार वाईट वाटतं.