दीर्घिकेतला ऑक्सिजन मोजताना ज्योतीचं तापमान कसं धरतात?

मातीवाला, राळेगाव (यवतमाळ)
नमस्कार. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. पालाश आम्ही फ्लेम फोटोमीटरवर काढतो. अर्क ज्योतीत गेला की पोटॅशियम चमकतं, त्या उजेडावरून आकडा. मे महिन्यात एका नमुन्याचा पालाश हेक्टरी ३१० किलो आला. काळ्या मातीत एवढा कमी? पाहतो तर सिलिंडर संपत आलेलं, ज्योत मंद. नवं लावून प्रमाण द्रावण (ज्यात पोटॅशियम किती ते आधीच माहीत असतं) पुन्हा चालवलं, तर ४२०.

काल वाचलं, लिओ पी या एकाकी बटू दीर्घिकेत (आपल्या आकाशगंगेसारखाच, पण फार छोटा ताऱ्यांचा समूह) ऑक्सिजन सूर्याच्या जेमतेम ३ टक्के. अंतर ५० लाख प्रकाशवर्षांच्या वर. तिथं प्रमाण द्रावण कोण नेणार? ज्योत किती तापली हे न कळता आकडा कसा देतात?

निहारिका, अमरावती
दादा, खरी अडचण तीच. तिथली ज्योत म्हणजे ताऱ्यांभोवतीचा तापलेला वायू. त्याचा उजेड रंगांत पसरवला की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक तरंगलांबीवर चमकदार रेषा दिसतात. तापमान ऑक्सिजनच सांगतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा ठळक, ४३६.३ ची फार पुसट. पुसट रेषा उठायला इलेक्ट्रॉनची धडक जास्त जोराची लागते. म्हणून वायू जितका गरम, तितकी ती ठळक रेषेच्या मानानं वर येते. या गुणोत्तरावरून तापमान, मग हायड्रोजनच्या रेषेशी ताडून प्रमाण. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ३७२.७ जवळ वेगळा मोजून त्यात मिळवायचा. लिओ पीमध्ये लाख हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचा साधारण दीड अणू येतो, सूर्यात ४९.

अन् ऑक्सिजनच त्या वायूला निववतो. तो कमी, तर वायू जास्त तापलेला. नुसत्या उजेडावर गेलं तर फसगत.

मातीवाला
आमच्याकडे ज्योत गॅसवर, तिथं ज्योत नमुन्यावरच अवलंबून! पण एकाकीच का निवडतात?

खगोलमास्तर, आर्वी
भाऊ, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती तुम्ही नमुन्यात घेता का? तसंच. शेजारी मोठी दीर्घिका असली की ती वायू ओरबाडते, मग ऑक्सिजन कशानं घटला ते कळत नाही. लिओ पी २०१३ मध्ये अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या हायड्रोजन सर्वेक्षणातून सापडली. २०१५ च्या हिशेबात तिनं घडवलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ५ टक्केच तिच्यात उरलेला निघाला. बाकीचा बाहेर गेला, अन् ओढून नेणारं शेजारी कोणी नाही. ताऱ्यांच्या स्फोटांनीच उडवला असणार.

मातीवाला
पुसट रेषा दिसलीच नाही तर?

निहारिका
मग ठळक रेषांवरून, दुसऱ्या दीर्घिकांवर बसवलेल्या सूत्रानं अंदाज काढतात. दादा, तो आकडा मी मंद ज्योतीवरच्या ३१० सारखाच धरते.