गिअर नंतर, आधी मडगार्ड आणि टायर

गावाहून तालुक्याला कामावर रोज १२ किलोमीटर जायला २१ गिअरची सायकल घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वाटेत घाट नसेल तर गिअरवर पैसे घालू नका.

खरी अडचण पावसाळ्यात. पांदणीतून डांबरीवर येईस्तोवर काळी माती टायर अन् मडगार्डच्या मधात अशी दाबून बसते की चाकच फिरत नाही. म्हणून तिथं निदान दोन बोटं फट असलेली सायकल पाहा, आणि माती उकरायला कॅरिअरला एक काडी बांधून ठेवा.

दुसरा वैरी बाभळीचा काटा. जाड टायर अन् ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आतून आपोआप बुजवणारं पातळ औषध, हवंच. पंक्चर काढताना टायरच्या आतून फडकं फिरवा. मोडलेलं टोक त्यात अडकतं. ते राहिलं तर नवी ट्यूबही जाते.

मागचा लाल दिवा विसरू नका, हात जोडून सांगतो. अंधारात ट्रॅक्टरवाल्याला नुसता रिफ्लेक्टर उशिरा दिसतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डोक्याला दुपट्टा, सोबत दोन बाटल्या पाणी, आणि लवकर येऊन लवकर निघता येईल का, हे साहेबांना आत्ताच विचारून ठेवा.