क्रोमोब्लास्टोमायकोसिस: बायोप्सी पॉझिटिव्ह, केओएच निगेटिव्ह, आणि घरच्यांना 'ब्लॅक फंगस'ची धास्ती

तालुका_लॅब
पेशंट पन्नाशीचा भातशेतकरी. उजव्या घोट्याजवळ सात वर्षांपासून चामखिळीसारखी वाढ, आता तळहाताएवढी झाली आहे. बायोप्सीच्या रिपोर्टात क्रोमोब्लास्टोमायकोसिस, काळ्या रंगद्रव्याची बुरशी असं आलंय. आमच्या दोन्ही केओएच स्लाइड (खरवडीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात त्या) मात्र निगेटिव्ह. कल्चरवर चौथ्याच दिवशी काळपट बुरशी आली, ती खरी धरायची का? रिपोर्ट वाचून घरचे २०२१ आठवून हादरलेत, तेव्हा काळ्या बुरशीला देत ती ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं कुठं मिळतील विचारतायत. खरवड नेमकी कुठून घ्यायची आणि औषध कोणतं, किती दिवस, हे जाणकारांनी सांगावं.

मायको_बेंच
आधी घरच्यांचं. २०२१ मध्ये सगळे जिला काळी बुरशी म्हणत होते ती म्युकरमायकोसिस. म्युकरचे तंतू मुळात काळे नसतातच, रुंद आणि बिनरंगी असतात. ते रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो. तिथं तासातासाला महत्त्व. तुमच्या पेशंटच्या बुरशीच्या पेशीभित्तीतच मेलॅनिन आहे. ती काट्यातून, कुजक्या लाकडाच्या सालपटातून कातडीत रुजते आणि वर्षानुवर्षं इंचाइंचानं पसरते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे त्यांना शांतपणे, दोनदा समजावून सांगा.

आता केओएच. निगेटिव्ह येते ती बहुतेक वेळा जागा चुकल्यामुळे. वाढीवर भिंगातून पाहा, मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतील. कातडी आतली बुरशी आणि वाळलेलं रक्त तिथून बाहेर टाकत असते. खरवड त्याच ठिपक्यांची घ्यायची, पांढऱ्या जाड खपलीची नव्हे. आधी स्पिरिटनं पुसून हळद, मलम, पाल्याचा लेप पूर्ण काढा. लेपातल्या वनस्पतीच्या पेशींनाही चौकोनी भिंती असतात आणि त्या हमखास फसवतात. केओएच २० टक्के घ्या, किमान अर्धा तास थांबा, हलकी ऊब द्या, मग कव्हरस्लिप दाबा. त्यात शाई घालू नका. नखाच्या बुरशीला शाई चालते, इथं तपकिरी रंग हीच ओळख आहे आणि शाई तीच झाकते.

४० च्या लेन्सखाली शोधायचं ते ४ ते १२ मायक्रॉनच्या, जाड भिंतीच्या, तांब्याच्या नाण्याच्या रंगाच्या गोल पेशी, आत आडवे-उभे पडदे. जुन्या वीटकामाची आठवण व्हावी अशा. म्हणूनच त्यांना म्युरिफॉर्म म्हणतात, लॅटिनमध्ये म्युरस म्हणजे भिंत. एक जरी नि:संशय दिसली तरी निदान पक्कं. त्या पेशी न दिसता नुसते तपकिरी तंतू दिसले तर तो बहुधा फिओहायफोमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशींचाच दुसरा आजार, त्याचा विचार वेगळा.

चौथ्या दिवसाच्या वाढीवर मी विश्वास ठेवणार नाही. क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, कर्व्हुलेरिया हवेतून पडतात, काळ्याच असतात आणि भराभर वाढतात. नमुना रेघेवर लावला होता ना? रेघेबाहेर उगवली असेल तर ती नक्की बाहेरची. या आजाराची नेहमीची बुरशी फोन्सेकिया सावकाश येते, आठ-पंधरा दिवसांनी, ऑलिव्ह-काळी, मखमली. एसडीएच्या (बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या) दोन नळ्या लावा, एकीत क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखायला) आणि सायक्लोहेक्झिमाइड (हवेतल्या बुरशी रोखायला), दुसरीत फक्त क्लोरॅम्फेनिकॉल. २५ ते ३० अंश, आणि ४ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. पुढच्या बायोप्सीचे दोन तुकडे करायला सांगा, एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की कल्चर संपलं. ही चूक सर्रास होते.

त्वचा_ओपीडी
उपचाराबद्दल. ॲम्फोटेरिसिन हे या आजाराचं पहिलं औषध नाही. एकटं दिलं तर फारसा गुण येत नाही, मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो. मुख्य औषध इट्राकोनाझोल, रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, किमान ६ ते १२ महिने, जुन्या मोठ्या वाढीला त्याहून जास्त. टर्बिनाफिन रोज २५० ते ५०० मिलिग्रॅम हा पर्याय, कधी दोन्ही मिळून देतात.

औषध 'लागू पडत नाही' म्हणतात तेव्हा आधी बाकीच्या गोळ्या पाहा. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच नीट शोषली जाते, म्हणून भरपेट जेवणाबरोबर. आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत सवयीनं पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी असते! ती बंद करा. दुसरं, अशा वाढीला चामडीचा टीबी समजून आधी एकेटी (टीबीची औषधं) सुरू केलेली असते. त्यातलं रिफॅम्पिसिन इट्राकोनाझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं, आणि बंद केल्यावरही तो परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो. सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर थांबवा, हार्ट फेल्युअर असेल तर इट्राकोनाझोल नकोच. लिव्हरच्या तपासण्या सुरुवातीला आणि मग ठरावीक अंतरानं.

लहान, ताजी वाढ असती तर कडेनं निरोगी कातडीसह कापून काढली असती. तळहाताएवढ्या वाढीला गोळ्या आणि जोडीला लिक्विड नायट्रोजनची क्रायोथेरपी (वाढ गोठवून नष्ट करणं). खरवडून काढणं किंवा कॉटरीनं जाळणं टाळा, बुरशी आजूबाजूला पेरली जाते.

तालुका_लॅब
एकेटी तीन महिने चालली होती, हे आता विचारल्यावर कळलं. वाढीच्या एका कडेला कडक, सहज रक्त येणारा व्रणही आहे.

त्वचा_ओपीडी
मग त्या कडेची वेगळी बायोप्सी आधी. वर्षानुवर्षांच्या वाढीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कातडीचा कॅन्सर) होऊ शकतो. नमुना वरवरचा नको, खोल हवा. एकेटी बंद करायची का, हे टीबीचा पुरावा कितपत आहे ते पाहून ठरवा.

मायको_बेंच
एक राहिलं. आलेल्या प्रत्येक काळ्या बुरशीची एक नळी ४० अंशांवरही ठेवा. फोन्सेकिया तिथं वाढत नाही, क्लॅडोफियालोफोरा बॅन्टियाना वाढते. ती मेंदूत गळू करते आणि भारतातून तिचे पुष्कळ रुग्ण नोंदले गेलेत. ४० अंशांवर वाढ दिसली तर स्लाइड कल्चर (काचपट्टीवर बुरशी वाढवणं) लावू नका, उघड्या टेबलावर नळी उघडू नका. बायोसेफ्टी कॅबिनेट (घातक जंतू हाताळायची बंदिस्त पेटी) नसेल तर नळी पॅराफिल्मनं सील करा, दुहेरी डब्यात घाला आणि मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला आधी फोन करून मगच पाठवा.