मॉडेलरवर मेटल वाजत नाही म्हणणाऱ्यांसाठी

होटगीरोड_रिफ
काल व्हॉल्व्हवाला यांनी पोस्ट टाकली. सार असं: मॉडेलर (ॲम्प, स्पीकर, पेडल यांची डिजिटल नक्कल करणारा डबा) म्हणजे मोबाईल गेम, त्यातून मेटलचा टोन निघत नाही, माशी घोंगावल्यासारखा आवाज निघतो, ट्यूब ॲम्प (व्हॉल्व्हवर चालणारा जुन्या धाटणीचा ॲम्प) परवडत नसेल त्यानं भजनी मंडळात जावं. खाली टाळ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

माशी कुठून येते ते आधी बघा. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमधली कचकच तिथंच अडते. मॉडेलरमधली कॅब (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद ठेवून थेट पीएला (कार्यक्रमाच्या मोठ्या साउंड सिस्टीमला) वायर खुपसली, की ती सगळी ट्वीटरमधून (बारीक आवाजाच्या स्पीकरमधून) उघडीनागडी बाहेर येते. आणि कॅब चालू ठेवून कॉम्बोच्या (ॲम्प-स्पीकर एकाच पेटीत) पुढच्या इनपुटला लावलं तर प्रीॲम्पवर (टोन घडवणाऱ्या भागावर) प्रीॲम्प, कॅबवर कॅब. सोलापुरी चादर तोंडावर घेऊन कुणी बोलतंय असा आवाज येतो. ॲम्पच लावायचा असेल तर कॅब बंद करा आणि मागच्या एफएक्स रिटर्नला लावा, म्हणजे ॲम्पचा प्रीॲम्प वगळला जातो. सोलापुरात निम्मे लोक इथंच मार खातात आणि खापर डिजिटलवर फोडतात.

दुसरं, गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा. खोलीत एकट्यानं वाजवताना गेन फुल, बेस फुल, मिड शून्य. हळू आवाजात कानाला बेस-ट्रेबल कमीच ऐकू येतात, म्हणून तो स्कूप (मिड काढून टाकलेला टोन) गोड लागतो. ड्रमर बसला की गिटार गायब. गेन वाटतो त्याच्या निम्म्यावर आणा, मिड वर घ्या, ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर पेडल ठेवा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर. तो ७२० हर्ट्झच्या खालचं ॲम्पमध्ये शिरायच्या आधीच पातळ करतो, म्हणून पाम म्यूट (तळहातानं तारा दाबून वाजवलेले सूर) घट्ट बसतात. कॅबनंतर १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचं कापायचं), ७-८ हजारावर हाय कट (त्यावरचं कापायचं). बाकी हातात दम पाहिजे.

आणि मेटालिका २०१३ मध्ये अंटार्क्टिकात ॲक्स-एफएक्स या मॉडेलरवर वाजवून आली. मेशुगा हा मेटल बँड तर त्याच्या कितीतरी आधीपासून डिजिटलवर आहे. त्यांनाही भजनी मंडळात पाठवणार का?

व्हॉल्व्हवाला
वा. अंटार्क्टिकात पब्लिकनं हेडफोन लावून ऐकलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. हेडफोनवर सगळ्यांचंच छान वाजतं.

मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डकडं साउंडला कोण बसतो आणि आपल्याकडं कोण? मांडववाला. त्याच्या मिक्सरला एकच सेटिंग, गणपती. त्या पीएवर तुमचा ७२० हर्ट्झचा हिशेब काय करणार? माझा ६५०५ (ट्यूब ॲम्पचं हेड, स्पीकर वेगळा) पाठीशी असला की पीए खड्ड्यात गेला तरी पुढच्या चार रांगांना रिफ कळतो. छातीवर येणारी हवा कुठल्या चिपमध्ये भरून मिळत नाही.

होटगीरोड_रिफ
१२० वॅटचं हेड दोनवर ठेवून वाजवता, कारण तीनवर शेजारी येतो. कसली हवा बे?

लेझीम_बेस
दोघांचं झालं असेल तर बेसवाल्याचं ऐका. ड्रॉप सी ट्युनिंग म्हणजे गिटारची सगळ्यात जाडी तार ६५ हर्ट्झ. तिथं मी राहतो. मॉडेलर असो नाहीतर ट्यूब, तुम्ही लोक रेझोनन्स (बेस फुगवणारा नॉब) फिरवून माझ्या घरात सामान आणून ठेवता आणि गिग झाल्यावर विचारता, "बेस ऐकूच आला नाही रे." मागच्या बँडमधून मी याच भांडणावर बाहेर पडलो. गिटारचा लो कट १०० वर ठेवा म्हणलं तर म्हणे "ब्रुटल वाटत नाही". ब्रुटल माझ्यामुळं वाटतं, तुमच्यामुळं नाही. रिफनं लो कट लिहिलाय, त्याबद्दल एक चहा माझ्याकडून. बाकी पोस्ट शहाणपणा.

अक्कलकोटरोड_चेनसॉ
ड्राइव्ह शून्य हा काय कायदा हाय का? बॉसचा एचएम-२ पेडल, चारही नॉब फुल. एन्टूम्बड बँडनं १९९० मध्ये त्याच्यावर आख्खा स्वीडिश डेथ मेटल उभा केला. तुमच्या नियमानं ते सगळे नापास. मी मॉडेलरमध्ये तोच ब्लॉक लावतो, गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा) लावतो, विषय संपला.

माझी भानगड वेगळीच. खाली यंत्रमाग. मोटर सुरू झाली की पिकअपमधनं घूंऽऽ, आणि गेट काय बंद होत नाही. वर लॅपटॉप जोडला की वेगळा हम (घुमणारा आवाज). शेवटी एक्स्टेन्शन बोर्डच्या प्लगची जाडी पिन कापून टाकली. लॅपटॉपचा हम गेला. ही ट्रिक कोण सांगत नाही, फुकट घ्या.

वायरमन_काका
ही ट्रिक कोणी सांगत नाही कारण सांगणारे शिल्लक राहत नाहीत.

मी गिटारवाला नाही, मुलगा वाजवतो म्हणून इथं वाचत असतो. ती पिन जाड आणि लांब का असते माहीत आहे? आधी अर्थ जोडला जावा, मग फेज, म्हणून. ती कापली आणि बोर्डावरच्या एखाद्या डब्यात फेज बॉडीला लागला, तर बॉडी लाइव्ह, तुमच्या तारा लाइव्ह. दुसरा हात किंवा ओठ माइकला लागला की सर्किट तुमच्यातून पूर्ण होतं. हम घालवायचा तर सिग्नलची अर्थ तोडा, मेनची नाही. डीआय बॉक्सला (गिटार आणि मिक्सरच्या मधला डबा) त्यासाठीच ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

अक्कलकोटरोड_चेनसॉ
काका, सगळे असंच करतात. आजवर कुणाला काय झालं? गिटारच्या धाग्यात भीती कशाला घालताय?

वायरमन_काका
लेस हार्वी, स्टोन द क्रोजचा गिटारिस्ट. ३ मे १९७२, स्वान्सी. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला, स्टेजवरच गेला. मुलानं गिटार घेतली तेव्हा मी हे शोधून वाचलं होतं. अजून नावं देऊ?

लेझीम_बेस
चेनसॉ, गप बस आता.

अक्कलकोटरोड_चेनसॉ
तू गप. तुझा बेस तसाही ऐकू येत नाही.

व्हॉल्व्हवाला
काकांचं शंभर टक्के बरोबर. आणि इथल्या बिल्डरांनी अर्थिंगच्या नावानं काय करून ठेवलंय ते कुणी बोलत नाही. मी जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, सॉकेटला तीन भोकं, मागं वायर दोनच. अर्थची भोकं शोभेची. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, लाइट लागतोय ना?" ट्यूब ॲम्पमध्ये चारशेच्या वर व्होल्ट फिरतात, आणि हा म्हणतो लाइट लागतोय ना.

होटगीरोड_रिफ
आमच्याकडं अर्थिंगचा खड्डा आहे, पण मीठ-कोळसा टाकून वर पाणी घालावं लागतं म्हणे. उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. खड्ड्याला घालू का प्यायला ठेवू?

वायरमन_काका
आंघोळीचं सांडपाणी तिकडं वळवा. हसू नका, आमच्या सोसायटीत तसंच केलंय आणि मेगरवर (अर्थिंग तपासायचं यंत्र) रीडिंग उतरलं, म्हणजे अर्थिंग सुधारलं. शिवाय ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. तुमच्या एका पेडलपेक्षा स्वस्त पडेल. चेनसॉच्या मागाच्या मोटरचं वेगळं. तो आवाज हवेतून पिकअपमध्ये शिरतो, त्याला अर्थिंगचा उपयोग नाही. गिटार घेऊन जागेवर फिरून बघा, एका कोनात तो कमी होईल. तिथं खुर्ची ठेवा.

अक्कलकोटरोड_चेनसॉ
फिरून बघितलं. भिंतीकडं तोंड केलं की कमी होतो. आता काय भिंतीकडं बघून वाजवू?

(प्लग बदललाय. काकांसाठी नाही, आई ओरडली म्हणून.)

नवीनच_शिकतोय
दादा, माझा एक साधा प्रश्न. बजेट कमी आहे, मॉडेलर घेऊ की सेकंडहँड ॲम्प?

व्हॉल्व्हवाला
ॲम्प.

होटगीरोड_रिफ
मॉडेलर. आणि फॅक्टरी प्रीसेट (कंपनीनं आधीच भरलेले टोन) ऐकून लगेच विकायचा नाही, ते प्रीसेट दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला केलेले असतात, रिव्हर्बमध्ये बुडवलेले. एक कोरा पॅच, एक ॲम्प, एक कॅब, एवढ्यावर महिना काढ. कॅबचा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा) बदलला की टोन जेवढा बदलतो तेवढा ॲम्प बदलूनही बदलत नाही.

व्हॉल्व्हवाला
आयआरचं खरंय, ते मला आधीपासून माहीत होतं. एफएक्स रिटर्नचंही. पोस्टमध्ये लिहिलं नाही इतकंच.

होटगीरोड_रिफ
हो ना, भजनी मंडळावर लिहिताना जागा संपली असेल.

व्हॉल्व्हवाला
जास्त होतंय हां. रविवारी घरी या. तुमचं खेळणं माझ्या हेडच्या रिटर्नमध्ये, माझ्याच कॅबवर, आणि त्याच्या शेजारी ६५०५ चा स्वतःचा प्रीॲम्प. बेसवाला पाठ फिरवून ऐकेल. ओळखता आला नाही तर पोस्ट काढतो.

लेझीम_बेस
मी का? मला दोन्ही सारखेच नकोसे आहेत.

व्हॉल्व्हवाला
म्हणूनच.

वायरमन_काका
व्हॉल्व्हवाला, तुमच्या सॉकेटला अर्थ नाही असं तुम्हीच वर लिहिलंय. रविवारचं त्या घरात जमणार नाही. आमच्याकडं या, हॉल मोकळा आहे. एक्स्टेन्शन बोर्ड माझाच वापरायचा, कुणी घरून आणू नये. विशेषतः अक्कलकोट रोडवरून.